कर्ण्यापासून होम थिएटरपर्यंत : मधल्या आवाजाचा इतिहास

(नायगाव येथे दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात दुकानापासून करतो. दसऱ्या-दिवाळीला नांदेडला जाऊन होम थिएटर घेऊन येणारी घरं आता आपल्या तालुक्यात भरपूर झालीत. दुकानात गिऱ्हाईक पहिलं काय विचारतं? ‘बेस कसा आहे?’ दुकानदार बटण फिरवतो, काउंटरची काच थरथरते आणि सौदा पक्का होतो. घरी दोन दिवस पोरं खूश. तिसऱ्या दिवशी आजी म्हणते, ‘आवाज लई हाय, पण काय बोलूलालेत ते कळंना.’

आज मी या तक्रारीचाच इतिहास सांगणार आहे. ती फक्त म्हाताऱ्या कानांची तक्रार नाही. लाउडस्पीकर जन्माला आला तेव्हापासून माणसं ती करत आली आहेत, आणि जगातल्या मोठमोठ्या इंजिनिअरांनी तिच्यापायी आयुष्यं घालवली आहेत.

आधी एवढं समजून घेऊ. स्पीकरच्या पेटीत खालचा आवाज काढतो तो वूफर, वरचा काढतो तो ट्वीटर, आणि मधला काढतो तो मिडरेंज. मधला म्हणजे ढोबळमानाने ३०० ते ३००० हर्ट्झ, कोणी चार हजारांपर्यंत धरतात. इंग्रजीत या मधल्याला एक जुनं थट्टेचं नावही आहे, ‘स्क्वॉकर’, म्हणजे कर्कश ओरडणारा. वूफर गुरगुरतो, ट्वीटर चिवचिवतो आणि मधला बिचारा केकाटतो. नावातच त्याची इज्जत गेली. पण माणसाचं बोलणं मुख्यतः राहतं ते याच्याच पट्ट्यात. टेलिफोनवाल्यांनी तर ३०० ते ३४०० एवढाच पट्टा ठेवला, बाकीचा कापून टाकला, आणि तरी जगाचा कारभार चालला. मुलीच्या लग्नाची बोलणी झाली, कापसाचे भाव ठरले.

आता मराठीपुरतं बघा. ‘सात’ आणि ‘साठ’. ‘काल’ आणि ‘काळ’. ‘वात’ आणि ‘वाट’. हर्राशीत सात ऐकू आलं की साठ, यावर माणसाचा नफा-तोटा ठरतो. त आणि ठ मधला फरक जोराचा नाही. जीभ दाताला लागते की मागे वळून टाळूला, याचा आहे. जीभ वळली की आवाजाचा एक भाग क्षणभर खाली झुकतो, आणि हे झुकणं साधारण दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास घडतं. ल आणि ळ चंही तसंच. म्हणजे मराठीचं मराठीपण ज्या मूर्धन्य अक्षरांत आहे, ती अक्षरं नेमकी मधल्या आवाजाच्या वरच्या टोकाला राहतात. तो पट्टा स्पीकरने खाल्ला की आवाज राहतो, शब्द जातो.

वीज यायच्या आधी हे काम कोण करायचं? दवंडीवाला. आपल्याकडे कोणी डौंडी म्हणतात. जुन्या माणसांना त्याची पद्धत आठवत असेल. चौकात यायचा, हलगी वाजवायचा, लोक बाहेर आले की हलगी थांबवायचा, आणि मग बोलायचा. हलगी आणि शब्द एकाच वेळी कधीच नाहीत. कीर्तनातही तेच आहे. अभंग चालू असताना पखवाज दणकतो, बुवा निरूपणाला लागले की पखवाज गप्प. कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजात न जाता या लोकांना ठाऊक होतं, की ढोल शब्दाला खातो. यामागचं शास्त्र नंतर मोजलं गेलं. खालचा मोठा आवाज वरच्या आवाजाला कानातच झाकून टाकतो. उलट मात्र तितकं होत नाही.

इथे एक अवांतर सांगतो, कारण आपण मराठवाड्यात बसलोय. निजामी राजवटीत मोठ्याने बोलायला आधी परवानगी लागायची. ‘गश्ती निशाण ५३’ हे नाव हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत वारंवार येतं. या फतव्याने जाहीर सभा सरकारी मंजुरीला बांधून टाकली होती. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं ते या वातावरणात. कारभाराची आणि शाळेची भाषा उर्दू. चारचौघांत मराठी ऐकू येणं हीच तिथे घटना होती. म्हणून आपल्या भागात भोंग्याचा इतिहास हा नुसता यंत्राचा इतिहास नाही.

आता यंत्राकडे वळू. १९१५च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी मोठ्या जमावाला यंत्रातून आवाज ऐकवला. यंत्राचं नाव मॅग्नाव्हॉक्स, लॅटिनमध्ये ‘मोठा आवाज’. १९१९ला सॅन डिएगोत अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन पन्नास हजारांवर लोकांपुढे त्याच्यातून बोलले. मग हे भारतात आलं. मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे काँग्रेसच्या सभांमध्ये सगळीकडे दिसू लागले, जुन्या फोटोत नेत्यांच्या पुढे त्या नावाची पाटी वाचता येते. त्यांच्यातलेच नानिक मोटवाने १९४२च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर आरोपी होते.

आपण त्याला ‘कर्णा’ म्हणतो तो शब्द फार चांगला आहे. कर्णा मुळात तोंडाने फुंकायचं वाद्य, लढाईत आणि देवळात वाजणारं. धातूचं ते फुललेलं तोंड बघून लोकांनी जुनंच नाव दिलं. आणि या कर्ण्याचा गुण काय? त्याला खालचा आवाज काढताच येत नाही. नेहमीच्या आकाराचा कर्णा साधारण ३०० हर्ट्झच्या खाली हात टेकतो. वरही फार जात नाही. म्हणजे देवळावरचा, सभेतला, बाजारातला कर्णा हा अख्खाच्या अख्खा मिडरेंज आहे. ऐकायला कर्कश, पण सप्ताहात चार शेतं ओलांडून ‘महाप्रसादाला यावं’ हे स्पष्ट ऐकू येतं. गावाने वर्गणी काढून घेतलेलं पहिलं यंत्र बहुतेक ठिकाणी हेच होतं, आणि ते गावाने शब्दासाठी घेतलं होतं. त्यावर गाणी लागली ती नंतर.

मग बोलपट. १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक थिएटर, ‘आलम आरा’. पुढच्या वर्षी कोल्हापुरात प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, शांतारामबापूंचं दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे. आता चित्राला जागा एक आणि आवाजाला जागा दुसरी असून चालणार नव्हतं. म्हणून स्पीकर पडद्याच्या मागे, मधोमध ठेवला आणि पडद्याला बारीक बारीक भोकं पाडली. आज होम थिएटरच्या डब्यात जो ‘सेंटर स्पीकर’ येतो त्याचं मूळ हे आहे. पात्राच्या तोंडातून शब्द यावा, बाजूच्या भिंतीतून नव्हे.

इथे एक मजेदार अडचण आली. जुन्या थिएटरांत खालच्या आवाजाचा कर्णा फार लांब असायचा, वरचा आखूड. खालचा आवाज लांबून वळसा घालून उशिरा पोचायचा. त्यामुळे पडद्यावर नाचणाऱ्या बाईच्या टाचेचा एक ठोका प्रेक्षकाला दोनदा ऐकू येई. मेट्रो गोल्डविन मेयरच्या डग्लस शिअररने जॉन हिलियर्ड, जेम्स लान्सिंग वगैरे मंडळी गोळा केली आणि १९३६च्या सुमाराला नवी जोडणी केली. साधारण ५०० हर्ट्झच्या वरचं सगळं एका कर्ण्याकडे, खालचं दुसरीकडे, आणि दोन्ही एका वेळी कानावर. नंतर आल्टेक कंपनीने थिएटरसाठी जी पेटी काढली तिचं नावच ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’. धमाका, भूकंप, गडगडाट असलं काही नाव दिलं नाही. कंठ! सिनेमाच्या धंद्यात त्या काळी काय विकलं जात होतं ते यावरून कळतं.

आपल्याकडे हा सिनेमा पोचला तो तंबूतून. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची जत्रा सगळ्यांना माहीत आहे. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड आणि टुरिंग टॉकीज. बाजूबाजूला तंबू, प्रत्येकाचा कर्णा गर्दीकडे तोंड करून. तंबूच्या कापडाला एक फायदा असतो, आवाज त्याला धडकून फारसा परतत नाही. जमीन मातीची, भिंत कापडाची, पुढे हजार माणसं दाटीने बसलेली. पेटी साधी, यंत्र खरखरणारं, तरी संवाद कळायचे. लोक संवाद पाठ करून घरी यायचे. १९७५ला ‘शोले’ आला तो ७० मिलिमीटर आणि सहा ट्रॅकच्या आवाजासकट. पण आपल्या चौकांत तो पोचला पॉलिडोरने काढलेल्या संवादांच्या रेकॉर्डवरून. गाण्यांची रेकॉर्ड बाजूला राहिली आणि नुसतं बोलणं विकलं गेलं. हॉटेलाबाहेर एका कर्ण्यावर लोक उभे राहून संवाद ऐकत होते.

रेडिओचं थोडक्यात सांगतो. हैदराबाद आणि औरंगाबादची निजामाची केंद्रं १ एप्रिल १९५०ला आकाशवाणीत आली. १९५६च्या सुरुवातीला पुणे केंद्राने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवून एक मोठा प्रयोग केला. लोकांनी एकत्र कार्यक्रम ऐकायचा, मग चर्चा करायची. आपण तेव्हा त्यात नव्हतो. नांदेड मुंबई राज्यात गेलं त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. या सगळ्या सेटांत स्पीकर एकच, सहा-आठ इंचांचा, लाकडी पेटीत. तोच खाली, तोच मध्ये, तोच वर. मध्ये चांगला, बाकी ठिकाणी जेमतेम. १९८७ला रविवारी सकाळी रामायण बघायला अख्खी गल्ली एका टीव्हीपुढे बसली, तेव्हाही त्या टीव्हीत समोर तोंड असलेला एकच छोटा स्पीकर होता. शेवटच्या माणसाला संवाद ऐकू येत होते.

मग बिघडलं कुठे?

मला वाटतं, बिघडायला सुरुवात कॅसेटच्या काळात झाली, आणि तीही हौसेने. टेप स्वस्त झाला. गावातल्या रेडिओ मिस्त्रीने अॅम्प्लिफायर घरी जोडायला सुरुवात केली. पोरांनी स्पीकर माठावर पालथा घातला, कारण माठात तो घुमतो. माठ ही फार हुशार युक्ती आहे, मी तिची टिंगल करणार नाही. पोकळीत हवा एका ठरावीक सुराला डोलते आणि तो खालचा सूर फुगतो. फक्त तो एकच सूर फुगतो. प्रत्येक गाणं त्या माठाच्या सुरात वाजतं. नंतर ट्रॅक्टरवर टेप आला. इंजिनाच्या घरघरीवर मात करायची म्हणजे बेस आणि ट्रेबल दोन्ही बटणं उजवीकडे टोकाला. दोन्ही टोकं वर गेली म्हणजे मधलं आपोआप खाली गेलं. हे एवढं सवयीचं झालं की मधला खड्डा म्हणजेच चांगला आवाज, असा कान तयार झाला. डब्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजार-हजार वॉट छापले जाऊ लागले. तो आकडा कशाचाच नव्हता. सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात यंत्र जळायच्या आधी काय देऊ शकेल, त्याचा तो कल्पित हिशेब होता. दिवाणखान्यात बोलणं ऐकायला खरे दोन-चार वॉट पुरतात.

यापुढचा भाग तुम्ही रोज भोगता. आपल्याकडे त्याला डीजे म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात ‘डॉल्बी’. या शब्दावर क्षणभर थांबू या. रे डॉल्बी हा खरा माणूस होता. १९६३ ते ६५ तो भारतात होता, संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून. इथून लंडनला गेला, १९६५ला कंपनी काढली, आणि पहिलं यंत्र केलं ते टेपवरची खरखर कमी करायला. ज्याने आयुष्यभर गोंगाट कमी केला, त्याचं नाव महाराष्ट्राने मिरवणुकीतल्या सर्वांत मोठ्या गोंगाटाला दिलं. असा अन्याय इतिहासात क्वचित होतो. २०००चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. ते पाळले जातात की नाही हे मी नायगावकरांना काय सांगणार.

पण डीजेवाल्याला मी एका बाबतीत मानतो. त्याला ‘टॉप’ आणि ‘बेस’ वेगळे लागतात हे कळतं. युनिट जळालं की शब्द जातो हेही कळतं, आणि तो रात्रीत बदलून आणतो. घरासाठी होम थिएटर घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. स्वस्त डब्यात काय असतं? पाच छोट्या पेट्या, प्रत्येकीत अडीच-तीन इंचांचा कागदी स्पीकर, आणि एक मोठा सबवूफर. तीन इंची स्पीकर दोनशे हर्ट्झच्या खाली नीट जात नाही. मग पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग सबवूफरकडे ढकलला जातो. नायकाचं तोंड टीव्हीवर आणि छाती सोफ्याच्या मागे! जो पट्टा सगळ्यात महत्त्वाचा, त्याला या डब्यात मालकच नाही. त्यात नवे टीव्ही पातळ झाले, त्यांचे स्पीकर मागे नाही तर खाली तोंड करून असतात. आणि उतारवयात कान आधी वरचे सूर सोडतो, म्हणजे स, श, त, ठ हेच धूसर होतात. आवाज वाढवून ते परत येत नाहीत. आजी अगदी बरोबर बोलत होती.

आणखी एक गोष्ट आहे, ती फक्त आपल्या भागाची. आपली जुनी घरं माळवदाची. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि पांढरी माती, जमीन शेणाने सारवलेली. आवाज त्यात जिरायचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि याच जड छपरांखाली आणि भिंतींखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादेतच नव्हे, इकडेही लोकांना माळवदाखाली झोप लागेना. ज्याला जमलं त्याने सिमेंटचं स्लॅबचं घर बांधलं. ते योग्यच केलं, जीव पहिला. पण स्लॅब, फरशी आणि प्लास्टरच्या खोलीत आवाज टाळ्यांसारखा परततो. दहा बाय बाराच्या खोलीत तर साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झचे सूर भिंतींमध्ये अडकून फुगतात. म्हणजे सबवूफर लावण्याआधीच खोली माठ झालेली असते.

हार्वर्ड विद्यापीठात १८९५ला हाच प्रश्न आला. नवीन सभागृहात वक्त्याचा शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा, पोरांना काही कळेना. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत आवाज किती वेळ टिकतो ते मोजलं, आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवल्या. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राची सुरुवात या गाद्यांपासून झाली. आपल्या घरात गोधड्या आहेतच. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी, खाली सतरंजी, खिडकीला जड पडदा. एवढ्याने जो फरक पडतो तो पाच हजार रुपये जास्त देऊन पडत नाही.

आता निवड. बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेलिफोनची परीक्षा कशी घेतली, तर निरर्थक अक्षरं वाचायची आणि ऐकणाऱ्याने किती बरोबर लिहिली ते मोजायचं. अर्थ असला की मेंदू गाळलेल्या जागा भरतो, म्हणून निरर्थक. १९४७ला फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी निष्कर्ष मांडला, की कळण्याच्या दृष्टीने बोलण्याचा अर्धा भार सुमारे १९०० हर्ट्झच्या वर आहे आणि अर्धा खाली. बीबीसीवाले तर स्पीकर तपासताना ओळखीच्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करत आणि तो माणूस समोर बोलतो तेव्हा कसा ऐकू येतो त्याच्याशी ताडून बघत. त्यांची छोटी एलएस-थ्री-फाइव्ह-ए ही पेटी अशीच गाजली, पाच इंचांहून लहान स्पीकर आणि बेस जवळजवळ नाही.

तेच तुम्ही करा. घरातल्या माणसाला मोबाइलवर भाव वाचायला सांगा: सात, साठ, सातशे, साठशे, काल, काळ. ते रेकॉर्डिंग दुकानात न्या. दुकानदाराला म्हणा, सबवूफर बंद कर आणि फक्त सेंटर लाव. आवाज बेताचाच ठेवा. तो माणूस पेटीत बसून बोलतोय असं वाटलं, डबा बोलतोय असं नाही वाटलं, तर पुढचं बोला. सेंटरमध्ये मधला स्पीकर निदान चार इंचांचा बघा. पेटी आडवी आणि दोन सारखे स्पीकर दोन बाजूंना असतील तर बाजूला सरकून ऐका; सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला शब्द पातळ होतात. ज्यात मिडरेंज वेगळा आणि त्याच्या डोक्यावर ट्वीटर असतो ती पेटी महाग पडते, पण एवढा त्रास देत नाही. वॉटपेक्षा संवेदनशीलतेचा आकडा विचारा. ८५ ऐवजी ८८ डेसिबलची पेटी घेतली तर अर्ध्या ताकदीत तेवढाच आवाज येतो, यंत्रावर ताण येत नाही.

घरी आल्यावर सेंटर टीव्हीच्या खाली सिमेंटच्या कोनाड्यात कोंबू नका. तो पुढे काठावर आणा आणि कानाच्या रोखाने थोडा वर तिरपा करा. यंत्रात सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा, सबवूफर ८० हर्ट्झला तोडा आणि कोपऱ्यातून बाहेर काढा. आणि पैसे कमी असतील तर पाच पेट्यांचा नाद सोडून दोनच बऱ्या पेट्या घ्या, टीव्हीच्या दोन बाजूंना. मधोमध बसलं की त्यांच्यातूनही शब्द पडद्यातूनच येतो. आजीची खुर्ची तेवढी मधोमध ठेवा.

वेळ झाली असं संयोजक खुणावतायत. या हॉलमध्येही मागच्या रांगेला मी नीट कळलो का, हे प्रश्नोत्तरांत आधी मागच्या रांगेनेच सांगावं.